उद्दिष्ट क्रमांक तीन

सोमवार, ३

आलो एकदाचा! वृद्धाश्रमाच्या कचेरीत अहवाल लिहिण्याच्या कामावर रुजू झालो. राहायला सात नंबरची खोली मिळाली, आणि शेजारच्या सहा नंबरात आई. दोन वर्षांपूर्वी मीच तिला इथे आणून ठेवलं. ते अजून मनाला डाचतं. अहवाल पसंत पडून नोकरी पक्की झाली की भाड्याने घर घ्यायचं आणि तिला न्यायचं. आई म्हणाली, घर मिळेल तेव्हा मिळेल, आधी तुझ्या खोलीत तरी ने. मी म्हटलं, त्या एवढ्याशा कॉटवर दोघं झोपलो तर खाली पडणार मीच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मंगळवार, ४

पहिलाच अहवाल इमारतीच्या दुरुस्तीचा. हेडक्लार्क म्हणजे शिस्तीचा पुतळा. हेतू एका वाक्यात हवा, उद्दिष्टं मोजता येतील अशी हवीत, प्रत्येकाला मुदत हवी, मोघम काही चालणार नाही. इथल्या वहीत चढलेलं उद्दिष्ट आजवर अपुरं राहिलेलं नाही, असंही छाती फुगवून म्हणाले.

मी लिहिलं. हेतू: इमारत राहण्यास सुरक्षित करणे. उद्दिष्ट एक, भिंतींची पाहणी. दोन, गळक्या जागांचा नकाशा. तीन, उद्यापासून रोज एक याप्रमाणे खोल्या एक ते सहा क्रमाने रिकाम्या करणे. माणसांना तात्पुरतं जेवणघरात हलवायचं माझ्या मनात होतं. ते लिहायचं राहून गेलं. हेडक्लार्कनी शिक्का मारला आणि माझी पाठही थोपटली.

बुधवार, ५

मी काही करायच्या आतच खोली एक रिकामी! घड्याळजी आजोबांना मुलगा न्यायला आला, तब्बल तीन वर्षांनी. सगळे फाटकापर्यंत पोचवायला गेले. मी वहीत खूण केली. सुरुवात तर झकास झाली.

गुरुवार, ६

दोन नंबरातल्या शिवणकामवाल्या आजी सकाळी उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. आई सारखी म्हणत होती, माझं झंपर त्या उसवून देणार होत्या. आज खूण करायला हात धजला नाही. दुपारी वही उघडली तर खूण होती. माझ्याच शाईची.

शुक्रवार, ७

तीन नंबरातले मास्तर न्हाणीघरात पडले. गेले.

हेडक्लार्कना विचारलं, उद्दिष्ट खोडता येईल का? नाही म्हणाले. सहा खोल्या म्हणजे सहाच, आकडा बदलत नाही. दुरुस्ती एकदाच करता येते, तीही एका खोलीच्या जागी दुसरी खोली. मग मान वर न करता म्हणाले, रिकाम्या कशा करायच्या ते तुम्ही लिहिलंच नव्हतं.

शनिवार, ८

चार. दोघी बहिणी, एकाच सकाळी. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती विचारत होती, घर मिळालं नाही का रे, म्हणून रडतोस?

रविवार, ९

पाच.

देखभालीच्या मावशींच्या अक्षरशः पाया पडलो. उद्या उजाडलं की आईला सहातून हलवा. कुठेही ठेवा, पण सहात नको. का ते विचारू नका.

सोमवार, १०

सकाळचे आठ. कचेरीत. नुसतं मावशींवर सोडून कसं चालेल? दुरुस्ती लिहून टाकली. सहाच्या जागी सात. शिक्का बसला. सात म्हणजे माझी खोली. म्हणजे मी. बरं वाटतंय. दोन वर्षं तिला एकटं टाकलं, त्याचं थोडं तरी —

मावशी आल्यात. हसतायत. आईला हलवलं म्हणतात. बाकीच्या खोल्यांना कुलपं, म्हणून — केवढी खूश झाली म्हणतात, पोराने शेवटी बोलावलं म्हणून — माझ्याच कॉटवर आडवी —

वहीत सातसमोर खूण. शाई ओली आहे. पण मी तर इथे