चिखलदऱ्याला तीही येणार आहे

अण्णा, येत्या परवा आमचं चिखलदऱ्याला जायचं ठरलंय. सोयाबीन काढणीला आलं की मग घरातलं कुणी हलत नाही, म्हणून त्याच्या आधीच दोन दिवस. जीप ह्यांच्या मित्राची आहे. वाशीम, अकोला, मग परतवाड्यावरून घाट. धबधबे सध्या भरून वाहतायत, हे ह्यांनी फोन करून विचारून घेतलंय. लेकरं नाचताहेत. आणि मी मात्र सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय.

सातवीची आमची सहल तिकडेच गेली होती. तुम्ही वर्गशिक्षक, मी तुमच्याच वर्गात. पण आई तेव्हा बाळंतीण होती. "तू थांब," तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला घरी कोण हाय?" मला ते पटलंही होतं. रडले नाही. पण त्याच संध्याकाळी तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेऊन शिरड शहापूरच्या शेवटच्या आळीला गेलात, माझ्याच वर्गातल्या तिच्या घरी. तिची आई आदल्या वर्षीच गेलेली. बाप शेरडं राखायचा, आणि तो पोरीला सहलीला धाडायला तयार नव्हता. मी बाहेर सायकल धरून उभी आहे. आतून त्याचा आवाज येतो, "गुरुजी, पोरीची जात. इतक्या लांब कशी धाडू?" आणि तुमचा, "माझी पोरगी समजून नेतो. मग तर झालं?" तुमची पोरगी दाराबाहेर उभी होती, अण्णा. परत येताना तुम्ही वारा फार सुटलाय वगैरे काहीतरी बोलत होतात. मी हूं हूं करत होते.

सहलीहून ती तुमचा मफलर गळ्यात घालून आली. तुम्ही म्हणालात, राहू दे तिच्याकडं, तिला थंडी सोसत न्हाई. पुढं कितीतरी दिवस वर्गात धबधब्याच्या गोष्टी चालल्या. हिवाळ्यात पाणी बारीक झालं होतं म्हणे, तरी खाली दरीचा तळ दिसत नव्हता, आणि तुम्ही तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. मी वहीत रेघा ओढत ऐकायची आणि मनात म्हणायची, पडली असतीस तर बरं झालं असतं. मी बारावीत असताना तुम्ही गेलात. तेव्हाही ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. येणारी माणसं आधी तिच्याच पाठीवरून हात फिरवत होती.

आता ती सेनगावला असते. शिवणकाम करते, हात चांगला आहे. काल हिंगोलीला अस्तराचं कापड घ्यायला आली, तेव्हा आमच्या घरी डोकावली. चिखलदऱ्याचं नाव ऐकलं आणि तिथंच ओट्यापाशी बसली. "मी बी येऊ का ग? गुरुजी उभे होते ती जागा दाखवते तुला." माझ्या वडिलांची जागा ती मला दाखवणार! ह्यांना काय, आनंदच. आधी कुठला धबधबा बघायचा, धुकं किती वाजता उतरतं, सगळं तिलाच विचारत बसले. मग ती म्हणाली, "तिथं गुरुजींनी गाणं म्हणलं होतं. लय गोड गळा होता त्यांचा." मी लाटणं थांबवलं. अण्णा, तुम्ही गायचात? आमच्या घरात तुम्ही आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचात.

तेवढ्यात माझ्या पोरीनं दशम्यांसाठी काढून ठेवलेलं दूध सांडलं. माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतंच. "डोळे काय गहाण टाकले का? चाल हो बाजूला!" वर्गात फळ्यावर गणित चुकलं की तुम्ही मला हेच म्हणायचात, सगळ्यांसमोर. पोरगी पळाली. मला वाटलं ओट्यापाशी बसलेली ती हसेल. ती हसली नाही. दुधाचा ओघळ खाली जात होता तिकडं बघत राहिली.

"बराबर गुरुजीवानी ओरडलीस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला एकदाबी ओरडले न्हाईत ते. गणितं तर माझी तुझ्याहून जास्त चुकायची. काहून न्हाई ओरडले ग? तुला रोज ओरडायचे. मला वाटायचं, आज तरी म्हणतील. मुद्दाम बी चुकवायची मी." तिचे डोळे भरून आले होते.

मी जवळ जायला हवं होतं. पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी फडकं घेऊन दूध पुसत बसले, सगळं निघालं तरी पुसत बसले. मग म्हणाले, "चल आमच्यासंगं. जागा हाय जीपमधी." ती डोळे पुसून हसली, आणि किती चांगली आहेस ग, म्हणाली.

चांगली कसली. तिचं रडणं ऐकून मला आत इतकं बरं वाटलं, की कालपासून काम करताना मी गुणगुणतेय. हा कागद कुठं धाडता येत नाही तेच ठीक आहे. तुम्ही वाचला असतात तर पुन्हा तिचीच बाजू घेतली असतीत.