पारोळ्याच्या कपाटातलं रेशनकार्ड

धुळे, सोमवार

आदरणीय नाना,

१. तीन तारखेला पप्पांच्या छातीत दुखलं. त्यांनी ओवा खाल्ला.
२. पाच तारखेला पुन्हा दुखलं. ओवा संपला होता, म्हणून दवाखान्यात गेले.
३. हृदयाच्या तीन नळ्यांत अडथळे निघाले. बायपास सांगितली.
४. जळगावच्या खासगी दवाखान्यात खर्चाचा आकडा सांगितला. पप्पा उठून चालू लागले.
५. सध्या ते धुळ्याला, मी नोकरी करते त्या दवाखान्यात, बेड नंबर नऊवर आहेत. शुद्धीत आहेत आणि बेड आठला शेतीचा सल्ला देत आहेत.

नमस्कार. तुमचा गुडघा, काकूंची शुगर आणि कुंदनदादाचा नवा ट्रॅक्टर, सगळ्यांची खुशाली आधी विचारायची असते. उशिरा का होईना, विचारते. तुम्ही माझा फोन उचलत नाही (सात वेळा, वेळा लिहून ठेवल्या आहेत), म्हणून हे पत्र पारोळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देणार आहे.

क्रमांक चार जरा उलगडून सांगायला हवा. नशिराबादला गेल्यापासून पप्पा केळी विकतात, आणि त्यांना व्यवहाराची एकच रीत येते: भाव ऐकायचा, मान हलवायची, चपला घालून निघायचं. व्यापारी मागून हाक मारतोच. डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा पप्पा म्हणाले, “तिन्ही नळ्या एकदम लेतस, काही कमी करा.” डॉक्टर म्हणाले, असं नसतं. “मंग जातस आम्ही.” आईने “अहो, छाती आहे ती, केळीचा घड नाही” म्हटलं, ते त्यांच्या पाठीने ऐकलं. जिन्याच्या वळणावर मात्र ते पायरीवर बसले. मी म्हटलं, वर चला. “थांब बेटा, हाक मारी तो.” चाळीस मिनिटं बसलो. शेवटी हाक आली ती झाडू मारणाऱ्या बाईंची, पाय वर घ्या म्हणून.

(शेत विकायचं नाही, असं आईने तिथेच जाहीर केलं. शेत भाड्याचं असल्यामुळे निर्णय सोपा गेला.)

मी ईसीजीची यंत्रं दुरुस्त करते. कागदावरची रेघ चुकीची दिसली की आधी वायर तपासायची, हे माझं काम. पप्पांच्या वेळी मी वायर तीनदा बदलली. वायर चांगली होती.

इथे हेच ऑपरेशन सरकारी योजनेत होतं, पैसे लागत नाहीत. रेशनकार्ड लागतं. आणि इथे तुमचा संबंध येतो. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही दोघा भावांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले, तांब्याचा हंडा वजन करून वाटला. रेशनकार्ड वेगळं करायला तहसीलला आधी कोणी जायचं, हे न ठरल्यामुळे ते एकच राहिलं. पप्पा, आई आणि मी अजून तुमच्या नावाखाली आहोत, आणि कार्ड तुमच्या कपाटात आहे. पप्पांना म्हटलं, नानांकडे मागा. “मी कोनले काही नही मांगस. हाक मारी तो.”

तेव्हा मला जिना आठवला. वाटणीच्या दिवशी ओटा उतरल्यावर पप्पा फाटकाशी बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत होते, असं आई सांगते. काकू सांगतात की तुम्हीही आत, तो वळून येईल म्हणून, जेवायचे थांबला होतात. नाना, केळीच्या सौद्यातही कोणी इतकं ताणत नाही. माल काळा पडतो.

तरी कार्ड कुंदनदादाच्या हाती पाठवावं. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
भाविका

ता. क. (मंगळवार) काल गाडी चुकली, म्हणून पत्र माझ्याकडेच आहे. कार्ड पाठवलं नाहीत तरी चालेल. तुम्ही दाढी करत असताना काकूंनी त्याचे फोटो मला पाठवले. नंबर जुळला, आज मंजुरी आली. काकूंवर रागावू नये. एका फोटोत त्यांचा अंगठा आलाय, बाकी काम चोख आहे.

पुन्हा ता. क. ऑपरेशन शनिवारी सकाळी आहे. संमतीच्या कागदावर पप्पांनी सही केली. नातेवाइकाची जागा रिकामी आहे. मी केली तरी चालते. मी दोनदा पेन काढलं. पप्पांनी कागद उशीखाली सरकवला आणि डॉक्टरांना सांगितलं, “आमनामा मोठा भाऊ सही करस.” आपल्यात अशी काही पद्धत नाही, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत कागद मिळाला नाही, तर त्यांची तारीख दुसऱ्या पेशंटला जाईल. पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे असं डॉक्टरांना वाटत नाही. रेघ मीही पाहिली आहे.

पप्पा हाक मारणार नाहीत, म्हणून ती मी मारतेय. येणार की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा.