टिंब हललं नाही तर

अल बर्शा, दुबई
१ सप्टेंबर २०२५

प्रिय अम्मा,
नबिलाचा सलाम.

इकडे आम्ही खुशाल आहोत. गरमी कमी व्हायचं नाव घेत नाही. यम्नाची शाळा सुट्टीनंतर पुन्हा सुरू झाली. तिचं मराठी होतं तिथंच आहे. तुमचं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तिनं मान डोलावली आणि "सो स्वीट" म्हणून पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. माझा भाऊ अर्श एका लग्नासाठी दाभोळला येतोय, त्याच्याबरोबर खजूर, बाम आणि तुमच्या गुडघ्याचा पट्टा पाठवतेय. पट्टा दिवसा बांधायचा, झोपताना सोडायचा. तुम्ही नेमकं उलटं कराल म्हणून लिहिलं.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी जहांआरा चाची बसलेल्या असतात. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत जेटीवर पोचते. शिवाय तुम्ही शाळामास्तरीण. बोलणं मध्येच तोडता, पण कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. तेव्हा लाल पेन बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत वाचा.

आधी बातमी. तुमचे चिरंजीव अमेरिकेहून धडधाकट परत आलेत. नाकाची सालटं निघालीत, दाढी वाढलीय, भूक दुप्पट झालीय. हरीण मिळालं नाही. ते माझ्यामुळे पळालं, म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मी स्वयंपाकघरात गाणी गुणगुणत होते. तोंड फुगवलेला नवरा घरात असणं किती बरं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं धनुष्याचं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. दर शनिवारी उम्म अल कुवैनला जाऊन रबरी हरणांवर बाण मारायचे. इथे शिकारीला बंदी, त्यामुळे जे काय ते रबरी. यहया आठवतो ना? तुमच्या वर्गातून खिडकीवाटे पळायचा तो. तो आता नेवाडात असतो. तिथे शिकारीचा परवाना सोडतीनं मिळतो. यंदा दोघांचीही नावं निघाली आणि आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

तिथलं हरीण चितळाहून मोठं, कान मात्र खेचरासारखे लांब. बंदूक असली तर लांबून मारता येतं. बाणाला अगदी जवळ जावं लागतं, आणि त्या उंचीवर लपायला झाड नाही. नुसते उघडे उतार, खडक आणि गुडघाभर करडी झुडपं. पाठीवर तंबू आणि खाणं घेऊन चढायचं, पहाटे दुर्बिणीतून समोरचे उतार बघायचे. ऊन वर आलं की नर एखाद्या खडकाच्या सावलीत बसतो. मग वारा तोंडावर घेत त्याच्याकडे सरपटत जायचं आणि तो आपणहून उठेपर्यंत वाट बघायची. बसलेल्यावर बाण सोडत नाहीत. हे सगळं मला आता कळलं, अम्मा. त्या शुक्रवारी कळलेलं असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

जाताना त्यांनी एक छोटं यंत्र बरोबर नेलं होतं. ते उपग्रहावरून खबर देतं, आणि शाहबाज कुठे आहेत ते माझ्या फोनवर नकाशात दिसतं. एक निळं टिंब. त्या टिंबाशी मी संसार केला म्हणा ना. ते हललं की मी चहा ठेवायची. ते थांबलं की म्हणायची, बसले असतील, पाणी पीत असतील.

शुक्रवारी संध्याकाळी मगरीबच्या सुमारास, म्हणजे तिकडे सकाळी, टिंब एका कड्याखाली थांबलं. मी नमाज पढून आले, तिथेच. भात लावला, तिथेच. मेसेज टाकले, उत्तर नाही. यम्नाला दाखवलं तर ती म्हणाली, "ममा, ही इज हंटिंग. ही इज सपोज्ड टू नॉट मूव्ह." पोरीनं एका वाक्यात बरोबर उत्तर दिलं होतं. मी तिलाच ओरडले.

रात्री इशाच्या नमाजानंतर तुमचा रोजचा फोन आला. मी सांगितलं, डोंगरात नेटवर्क नाही, सगळं छान चाललंय. तुम्ही विचारलंत, तुझा आवाज असा का येतोय. मी म्हटलं, एसीनं सर्दी झालीय. अम्मा, मला सर्दी नव्हती. तुमचा फोन ठेवल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

दुसऱ्या कुणाची बायको म्हणाली असती, थांबला असेल कुठेतरी. मला तसं म्हणता येत नव्हतं. का, ते आता लिहायलाच हवं.

गेल्या नोव्हेंबरात दाभोळला जहांआरा चाचींच्या नबीलच्या लग्नाला ते आले नाहीत. ऑफिसचं ऑडिट म्हणून सांगितलं होतं. ऑडिट नव्हतं. ते हॉस्पिटलमध्ये होते. ऑफिसातून फोन आला, छातीत दुखतंय म्हणून नेलंय. मी पोचेपर्यंत आत घेतलं होतं. हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसवला. वेळेवर झालं. नंतर तुम्ही व्हिडिओवर बघून म्हणालात, किती वाळलाय, आणि आम्ही दोघंही डाएट डाएट म्हणून हसलो.

अब्बा असेच छातीत दुखून अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले. शाहबाजना येत्या मार्चमध्ये अठ्ठेचाळीसावं लागेल. पलंगावर पडल्यापडल्या त्यांनी मला कसम घातली, अम्माला कळता कामा नये, ती पुन्हा त्याच दिवसांत जाईल. यहयाला नाही, अर्शला नाही, कुणालाच नाही. मी कबूल केलं. तेव्हापासून रात्री त्यांचा श्वास मोजणं हे माझं एकटीचं काम होतं. डोंगर चढायला डॉक्टरांनी रीतसर तपासून परवानगी दिली होती, हेही लिहिते, नाहीतर तुम्ही त्यांच्याआधी माझा कान धराल.

तर जेवणं झाली आणि टिंब अजून तिथेच. मग मी कसम मोडली. यहया पलीकडच्या डोंगरावर होता. तिथे कधीमधी नेटवर्क येतं, आणि त्या वेळी ते आलं. मी एका दमात सांगितलं, त्यांना स्टेंट आहे, ते हलत नाहीयेत, तू जा. यहया म्हणाला, "भाभी, फोन चालू रखो, मैं निकला," आणि धावत सुटला. त्याच्या स्वतःच्या समोर एक हरीण होतं, ते सोडून.

मी नकाशा बघून वाट सांगत गेले, फोनही नशिबानं तुटला नाही. टिंबाच्या जागी त्याला शाहबाज दिसले नाहीत. एका खडकाआड त्यांची बॅग होती, बॅगेत ते यंत्र, आणि शेजारी त्यांचे बूट. मशिदीच्या पायरीवर काढून ठेवावेत तसे, जोडीनं, नीट. ते बघून यहयानं पूर्ण ताकदीनं हाक मारली, "शाहबाऽऽज".

अम्मा, शेवटचं अंतर सरपटताना पावलं वाजू नयेत म्हणून शिकारी बूट काढून ठेवतात. तुमचा मुलगा पुढे झुडपात मोज्यांवर पालथा पडला होता. समोरच्या खडकाच्या सावलीत तो नर बसलेला. तासन्‌तास वाट बघितल्यावर तो नुकताच उठला होता. धनुष्य ताणलेलं होतं, बिस्मिल्ला ओठांवर होतं. तेवढ्यात ही हाक. हरीण चार उड्यांत उतारापलीकडे गेलं आणि आपले साहेब मोज्यांवर उभे राहून यहयाला दाभोळच्या बंदरावरच्या शिव्या देऊ लागले.

त्या सगळ्या शिव्या मला फोनवर ऐकू आल्या. मी फरशीवर बसले आणि ऐकत राहिले. त्यांतला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही, पण इतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

मग यहया रडला. मोठा माणूस, दाढी पांढरी झालेला, बुटांशेजारी बसून रडला. "साला, मला सांगितलं नाहीस? आणि बाईंना? बाईंना माहितीय?" शाहबाज मोजे झटकत राहिले. यहया म्हणाला, "तू बाईंना सांग, नाहीतर मी सांगतो. खलास."

इथे आल्यावर दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी जेवताना ते आपणहून म्हणाले, "तुला माहितीय, तिथे पालथा पडलो होतो ना, सारखी धडधड ऐकू येत होती. आधी वाटलं जमिनीतून येतेय. मग कळलं, माझंच. नोव्हेंबरपासून मी ते ऐकायलाच घाबरायचो. टीव्ही लावून झोपायचो. तिथे दुसरं करायला काहीच नव्हतं, म्हणून ऐकत राहिलो. व्यवस्थित चाललं होतं, नबिला. एकदम रेग्युलर."

टीव्ही त्यासाठी लावतात हे मला माहीत नव्हतं. मी इकडे श्वास मोजायची, ते तिकडे टीव्ही बघायचे, आणि एका पलंगावर दोघंही एकेकटे घाबरत होतो. त्या रात्री टीव्ही बंद होता आणि मी मोजायच्या आधीच झोपून गेले.

मग मी विचारलं, अम्मांना काय सांगायचं? म्हणाले, "मला जमणार नाही. तिचा आवाज ऐकला की मी पुन्हा ऑडिट म्हणेन. तू लिही. सगळं लिही." म्हणून लिहिलं. यातलं काहीही लपवलेलं नाही, शिव्या सोडून.

तुम्ही रागवा. हक्कानं रागवा, दोघांवर. पण रडायचं असेल तर जहांआरा चाची घरी गेल्यावर रडा, आणि मला फोन करून रडा. मी आता सर्दी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी दोघं पुन्हा सोडतीत नाव घालणार आहेत. त्या हरणाला शोधायला म्हणे. मी हो म्हटलंय, एका अटीवर. यंत्र खिशात राहील, बॅगेत नाही. आणि आणखी एक गोष्ट शाहबाजनी स्वतः सुचवली. अर्श आला की तुमच्या फोनवर तो नकाशा टाकून देईल. निळं टिंब तुम्हालाही दिसेल. ते हललं नाही तर लगेच घाबरू नका, अम्मा. आधी मला फोन करा. मग आपण दोघी मिळून घाबरू.

आता एकटी न घाबरणारी,
तुमची नबिला