दाजींच्या घड्याळाचं जुळं

२ मार्च, सोमवार

दाजींनी घड्याळ देऊन टाकलं! पाण्याचा फिल्टर बदलायला आलेल्या माणसाला! "तुमची ड्यूटी संपली, हे घ्या" म्हणाले आणि मनगटावरून काढून त्याच्या हातात ठेवलं. बिचारा भला निघाला. जिना उतरून गेला होता, तो परत वर आला आणि ताईच्या हातात देऊन गेला. ताई फोनवर रडत होती की हसत होती, कळेना.

मागे तेच घड्याळ साखरेच्या डब्यात सापडलं होतं. त्याच्या आधी कुंडीत, मातीखाली.

मग ताई म्हणाली, "तू एवढी खोट्या घड्याळांची फौज पाळलीयस ना? त्यातलंच एक यांच्यासारखं करून दे. ते घालून बसतील. हरवलं तरी हरकत नाही. खरं तुझ्याकडेच ठेव."

मी वरवर म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर मात्र जाम खूश झालो. खोटं कशाला सांगू, इथे कोण वाचतंय? इतकी वर्षं माझ्या या छंदाला सगळे नाकं मुरडत आले. हिला सांगितलं तर म्हणाली, "चला, तुमच्या उकिरड्याला कुणीतरी विचारलं एकदाचं."

५ मार्च, गुरुवार

घड्याळ घेऊन आलो. दाजी दुपारचे झोपले होते, ताईने हळूच काढून दिलं. उठल्यावर काय सांगणार विचारलं, तर म्हणाली, सर्व्हिसिंगला दिलंय म्हणेन.

आज पहिल्यांदा ते नीट भिंगाखाली घेतलं. दाजी बोटीवर चीफ इंजिनियर झाले तेव्हा घेतलेलं. पुढची सगळी नोकरी त्यांच्या हातावरच गेली त्याची — इंजिनरूमचा घाम, डिझेल, समुद्र. माझी रेप्लिका घड्याळं बघितली की चिडवायचे मला. "काय रे मेहुण्या, आज कुठला तोतया गादीवर बसवलास?" आणि मग स्वतःचं मनगट पुढे करायचे. "हे बघ. ह्याला म्हणतात खानदान!"

आता लेकीचं नाव सांगता येत नाही त्यांना. पण हात अजून सारखा मनगटाकडे जातो.

७ मार्च, शनिवार

काम मोठं मजेचं आहे. दिवसभर लॅबमध्ये लोकांचे खोटे दात बनवायचे, शेजारच्या खऱ्या दाताच्या रंगाशी रंग जुळवायचा, आणि घरी येऊन हे. हिचं म्हणणं, मला खरं काही पचतच नाही.

बाजारात मिळणारी रेप्लिका म्हणजे नुसता कच्चा माल. तिचे काटे जाड, तारखेवरचं भिंग उथळ, आकडे बोजड. ते एकेक बदलायचं. कडा घासायच्या. जुनी डायल कुठून तरी मिळवायची, नाहीतर नवी चहात बुडवून पिवळी करायची — चहा फार कडक झाला तर मात्र डायल वाया! हे सगळं येतं मला. अवघड आहे ती झीज. दाजींच्या घड्याळाचा डावा कोपरा बसलाय, शिडीच्या कठड्यावर आपटून आपटून. सहाच्या खाली पान्याचा ओरखडा आहे. पट्ट्याच्या कड्या आतून अशा गुळगुळीत झाल्यात की बोट फिरवत राहावंसं वाटतं.

नवं करणं सोपं हो. माणसाने इतकी वर्षं वापरल्यासारखं करायचं म्हणजे कठीण.

११ मार्च, बुधवार

एक गोष्ट मनात खुपते आहे. आम्हा छंदवाल्यांचा एकच धर्म — खरं म्हणून कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. स्वतः घाला, मिरवा, विचारलं की सांगून टाका. मी आजवर पाळला. आता मोडणार, आणि तोही दाजींच्या बाबतीत.

आमच्या ग्रुपमधल्या भिंगमास्तरला विचारलं. तो म्हणाला, "अरे, हे फसवणं नाही, औषध आहे. गोळी साखरेत घालून देतोस, इतकंच."

बरं वाटलं. थोडंसंच.

१४ मार्च, शनिवार

नेलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर मलाही क्षणभर थांबावं लागत होतं!

दाजी खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "दाजी, घड्याळ झालं बघा सर्व्हिसिंग होऊन." चेहरा असा खुलला! मनगट पुढे केलं. मी पट्टा लावला. त्यांनी ते कानाशी नेलं, मग हात खालीवर करून तोललं. आणि काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हे माझं नाही."

भांडण नाही, राग नाही. शर्ट बदलून आला की धोब्याला सांगतात तसं. मी किती समजावलं, कोपरा दाखवला, ओरखडा दाखवला. मग दाजी उठून सगळ्या खोल्यांतून घड्याळ शोधत फिरायला लागले. पलंगाखाली वाकले. फ्रिज उघडून पाहिला.

आवाज असणार. जन्म इंजिनं ऐकण्यात गेला त्यांचा. मशीनच बदलायला हवं.

१५ मार्च

मशीन बदललं. कानाला काही फरक लागत नाही आता. निदान माझ्या.

२१ मार्च, शनिवार

"हे माझं नाही."

मी वैतागून स्वयंपाकघरात गेलो. ताई ओट्याशी पाठ करून उभी होती. मला वाटलं रडतेय. वळली तर डोळे पाणावलेले आणि तोंडभर हसू!

"बघितलंस? सकाळपासून मला तीनदा विचारलंन् की बाई तुम्ही कोण. आणि घड्याळ मात्र बरोब्बर ओळखलं! तू एवढा उस्ताद, तरी तुला फसले नाहीत. म्हणजे आहेत रे ते आत. कुठेतरी आहेत."

कित्येक महिन्यांनी ताईला अशी पाहिली. चहाबरोबर स्वतःहून पोळी खाल्लीन् तिने.

मी घड्याळ खिशात टाकून घरी आलो.

२४ मार्च, मंगळवार

वजन असेल. दाजींच्या पट्ट्यातली एक कडी नंतर कधीतरी बदललेली आहे, तिचं स्टील वेगळं. तसली कडी मिळवली. बसवताना दोनदा पिन उडाली, ही सतरंजीवर रांगत शोधत होती माझ्याबरोबर. म्हणाली, "एक विचारू? समजा जमलं. समजा त्यांनी घातलं. मग ताईंचं काय?"

हेच मला टोचत होतं, तिने नेमकं बोट ठेवलं. मी जिंकलो म्हणजे दाजी हरले! माझं काम हुबेहूब झालं त्या दिवशी ताई म्हणणार, गेले. आणि नाही झालं तर ते घर धुंडाळत फिरणार. इकडे आड, तिकडे विहीर. तरी घासतोच आहे कोपरा. हात थांबत नाही.

२८ मार्च, शनिवार

आज मला ओळखलं नाही. घड्याळवाला समजले.

"या, बसा." आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हणाले नाहीत मला. ताईच्या लग्नात हाफपँटमध्ये होतो मी, तेव्हापासून 'काय रे' आणि 'अरे मेहुण्या'. आज अगदी रीतसर. घड्याळ घातलं, कानाशी नेलं, तोललं, काढलं. परत देताना आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही माणूस चांगले दिसता. पण माल बदलता. कंपनीला कळलं तर नोकरी जाईल तुमची. मी नाही सांगणार कुणाला."

ताई तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसलो. जिन्यात आल्यावर मात्र कठड्याला धरून उभा राहिलो थोडा वेळ. वरच्या मजल्यावरच्या बाई उतरत होत्या, त्यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, दम लागला.

३१ मार्च, मंगळवार

लॅबमध्ये एक कॅप शेजारच्या दातापेक्षा पिवळी झाली. डॉक्टरीणबाईंनी परत पाठवली. असं माझ्या हातून होत नाही. डोळ्यांपुढे दाजींची डायल होती.

४ एप्रिल, शनिवार

"हे माझं नाही."

यावेळी काच बदलली होती. जुन्या काचेसारखी, कडेला किंचित फुगीर. काही उपयोग नाही.

मनगट चोळून चोळून लाल केलंय त्यांनी. जिथे घड्याळ असायचं तिथेच. चामडी निघालीय एका बाजूला. ताई मलम लावते, ते पुसून टाकतात आणि परत चोळतात. आज पायात बूट घालून दारापाशी बसले होते. घड्याळ आल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत म्हणे. मी निघताना रडले. दाजी! मोठ्याने नाही. लहान मूल रडून रडून दमल्यावर रडतं ना, तसं.

मी काही करू शकलो नाही. बूटसुद्धा काढू दिले नाहीत मला.

६ एप्रिल, सोमवार

ही म्हणाली, "त्यांचं त्यांना देऊन टाका. हरवेना का! त्यांचंच आहे ते."

ताईला फोन केला. साफ नाही म्हणाली. "ते हरवलं तर काय राहील मग? आणि तू दमू नकोस रे, करत राहा. दर शनिवारी ते नाही म्हणतात ना, त्यावर माझा पुढचा आठवडा जातो."

आता बोला! मी काय करतोय हेच मला कळेनासं झालंय. दाजींना शांत करायला निघालो होतो. आता त्यांनी नाही म्हणावं म्हणून नेतो की हो म्हणावं म्हणून?

८ एप्रिल, बुधवार

भिंगमास्तर म्हणतो, वास. जुन्या पट्ट्याला वास असतो घामाचा, तेलाचा. नाकाला लावून पाहिलं. असेलही. पण वास कुठून आणू? दाजींचा घाम काय बाजारात मिळतो?

हरलो. इथे लिहायला लाज नाही. माझ्याकडून होणार नाही हे.

१० एप्रिल, शुक्रवार

ठरलं. उद्या खरं घड्याळच नेणार!

ताईला सांगायचं नाही आधी. नेहमीसारखं, नवं करून आणलंय म्हणून द्यायचं. दाजी कानाशी नेतील, तोलतील आणि घालून बसतील. आपलं घड्याळ आलं म्हणून शांत होतील. ताईचा चेहरा पडेल — फसले शेवटी, असं वाटून. तेवढ्यात मी म्हणायचं, अगं वेडे, फसले नाहीत, ते त्यांचंच आहे! खरं! तोतये सगळे हाकलले आणि खरं आलं तेव्हा बरोबर ओळखलं! दोघंही जिंकतील. मी एकटा हरेन, मला चालेल. उलट आवडेल.

पुढे हरवलं तर हरवलं. ताईला मी समजावीन.

मागचं झाकण उघडून आतला नंबर पुन्हा ताडून पाहिला. उगाच. दोन्ही टेबलावर होती, गफलत नको. मग फडक्याने पुसून डबीत ठेवलं. ही म्हणाली, आज बऱ्याच दिवसांनी शीळ घालताय.

११ एप्रिल, शनिवार

दाजींनी मनगट पुढे केलं. पट्टा मी अलगद लावला, जखमेला लागू नये म्हणून. त्यांनी कानाशी नेलं. तोललं. आज जरा जास्तच वेळ. मग काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हे माझं नाही."

ताईने मागून माझा खांदा घट्ट दाबला. "बघ!" म्हणाली. "अजून फसत नाहीत!"

मी म्हटलं, हो ना. आकडे जरा चुकले माझे. पुढच्या शनिवारी सुधारून आणतो.