ताटावरचा सव्वीस नंबर

बिन महमूद, दोहा

ती. आईंना सुनेचा नमस्कार.

आमच्या ऑफिसात इटलीतल्या एका जुन्या इमारतीचं हॉटेल करायचं काम चालू आहे. तिथे पूर्वी गरीब अनाथ मुली राहायच्या, लेस विणायच्या. प्रत्येकीच्या चादरीवर लाल दोऱ्याने तिचा नंबर भरलेला असे, नाव नसे. हॉटेलच्या दाराशी लावायच्या फलकावरचा इतिहास मी लिहिला. काल बॉस म्हणाले, "ऑर्फनेज नको, बोर्डिंग लिहा. गेस्टना बरं वाटत नाही. खलास."

बोर्डिंग! तुमचाच शब्द, आई. लग्नातल्या भांड्यांवर तुम्ही हौसेने नावं घातलीत. माझ्यासोबत आलेल्या एकुलत्या एका ताटाच्या मधोमध कोरलेला २६ पाहून पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा चटकन म्हणालात, "बोर्डिंगमध्ये होती ती." मला सांभाळायलाच म्हणालात, ते कळतं मला. पण पुढे बारा वर्षं मीही तेच सांगत आले, पोटच्या नुपूरलासुद्धा.

आज बॉसना सांगितलं, शब्द बदलणार नाही, हवं तर काम दुसऱ्याला द्या. त्यांचा निर्णय व्हायचाय. घरी येऊन नुपूरपुढे ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सो ट्वेंटी-सिक्स वॉज यू?"

"हो, मीच."

हे पत्र पाठवणार नाही. शुक्रवारी तुम्ही येणारच आहात. पहिलं जेवण तुम्हाला त्याच ताटात वाढीन, आणि नंबर झाकेल एवढा भात मात्र वाढणार नाही.

तुमचीच,
वृषाली
नाशिकच्या अनाथाश्रमातली