पेढ्यांची घाई

ती. आप्पांना सोनलचा चेन्नईहून दंडवत.

मी बरी आहे. इथं दोन्ही वेळा भात मिळतो, पण आपल्या खाचरातल्या भाताचा वास त्याला नाही. आईचा गुडघा कसा आहे?

माझं तीन वर्षांचं गणित सुटलं म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटले, असं वहिनी म्हणाली. आप्पा, त्यात चूक निघाली. फोनवर रडू येईल, म्हणून लिहितेय.

माझ्या पद्धतीत दर पावलाला ठरलेल्या जागेच्या हद्दीवरचा सगळ्यात जवळचा बिंदू धरायचा आणि असं करत उत्तर गाठायचं. हद्द कुठंही आत वळलेली नाही, हे मी गृहीतच धरलं. पण ती आपल्या धरणाच्या काठासारखी असली तर? पाणी जमिनीत आत घुसतं तिथं मधोमध होडी असली की दोन्ही काठ सारखेच जवळ. जायचं कुठं? माझ्या मार्गदर्शक सरांनी नेमकं हेच विचारलं.

सुरुवातच काठाजवळून केली, तर जमेल असं वाटतंय. नक्की नाही.

काळजी करू नका. जेवतेय वेळेवर.

चार दिवस घरी यावंसं फार वाटतं. पण राजूरपासून आपल्या गावाच्या जीपमध्ये बसणारं प्रत्येक माणूस पेढा खाल्लेलं असेल. त्यांना काय सांगू?

तुमची,
सोनल