सात भोकं

सोहार, ओमान
१८ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस अस्मिताचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचं कानाचं यंत्र पुन्हा डबीत गेल्याचं वसुंधरामामींनी कळवलं, म्हणून फोनचा नाद सोडून कागद घेतला. पत्राचा फोटो मामींच्या फोनवर पाठवते आहे, तुम्हीही तसंच लिहा.

मामा, गेल्या वर्षी मी एक जुनी रेसिंग सायकल घेतली हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या ग्रुपची दर जानेवारीत मस्कतजवळ आमेरातच्या घाटावर चढाईची शर्यत असते. गेल्या खेपेला अर्ध्यावरच माझा पाय टेकला आणि उरलेला घाट मी सायकल ढकलत चढले. यंदा पाय टेकायचा नाही. नंबर नको, काही नको, एवढंच.

सायकलचं वजन दहा किलो दोनशे ग्रॅम भरलं. ग्रुपमधल्या पोरांच्या सायकली साडेसात-आठ किलोंच्या आहेत. मिरजेत तुम्ही चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलंत, तरुणपणी शर्यती मारल्यात. सांगा, वजन कुठून काढू? देविकानेही विचारायला सांगितलंय. तिच्या मराठीत सांगायचं तर, मामाआजोबांना विचार, इंटरनेट खूप झूट बोलतो.

तुमच्या जावयाचा, सलीलचा नमस्कार. उत्तराची वाट बघते, माया आहे तशीच ठेवा.

आपली,
अस्मिता

मिरज
२७ ऑक्टोबर २०२४

चि. अस्मितास अ. उ. आ.

तुझा कागद मामीने मोठा करून दाखवला. तू सायकलवर घाट चढतेस हे वाचून मी दोन वेळा उठून फेऱ्या मारल्या. तुझी आई सायकलच्या नुसत्या कॅरिअरवर बसायलाही भ्यायची.

सुरुवात चाकांपासून कर. फिरणारं वजन पायाला जास्त जाणवतं. हलकी चाकं, मग टायर, मग ट्यूब. आता कागदासारख्या पातळ ट्यूब निघाल्यात म्हणे, त्या घे, पण एक साधी खिशात ठेव. मग सीट आणि सीटचा दांडा. मागचं फ्रीव्हील शेवटी, आणि तेही जास्त दात्यांचं घे. हलकं आहे म्हणून कमी दात्यांचं घेशील तर घाटात रडशील. आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरून नेतेस ना? एक पुरे. एका बाटलीत पाऊण किलो गेलं, आणि पैसाही लागला नाही!

सायकल कोण उघडतो तिथे? ज्याच्या हाताला घाई नाही असा माणूस शोध.

लाडू कमी खा, असं मामी म्हणते आहे. मी म्हणत नाही.

तुझं भलं इच्छिणारा,
कृष्णकांतमामा

सोहार
६ डिसेंबर २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसा माणूस सापडला. मस्कतच्या माबेल्यात मुनीर नावाचे कोळिकोडचे गृहस्थ आहेत, अरुंद गाळ्यात एकटेच काम करतात. सोहारहून पावणेदोन तास गाडी हाकून मी दर शुक्रवारी जाते, आणि मामा, त्यांचं काम बघत बसणं हाच माझा सिनेमा आहे. चाक स्टँडवर फिरवून डोळे मिटतात आणि कुठली तार ढिली आहे ते आवाजावरून सांगतात. प्रत्येक बोल्ट मोजून आवळतात. तुमची खूप आठवण झाली.

चाकं, टायर, ट्यूब, सीट, दांडा, फ्रीव्हील सगळं बदललं. आता नऊ किलो शंभर! हात लावताच कळतं.

फक्त एका गोष्टीवरून आमचं बिनसलं आहे. नऊच्या आत यायचं म्हणून मी कार्बनचं हँडल आणि ते ज्यावर बसतं तो पुढचा दांडा ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव नाही, पण वजन एकदम कमी. मुनीरभाईंनी ते हातात घेतलं, नखाने टिचकी मारली आणि परत ठेवलं. म्हणाले की मी हे बसवणार नाही, खलास, दुसरीकडे जा. मी चिडले. दिवसभर कारखान्यात ॲल्युमिनियमच्या भेगा तपासणं हेच माझं काम, मला कळत नाही का? वरून काही दिसत नाही त्यात. अझैब्याच्या एका दुकानात लगेच बसवून देतो म्हणालेत. पुढच्या शुक्रवारी जाईन. तुम्हीच न्याय करा.

मायेच्या हक्काने भांडणारी,
अस्मिता

मिरज
११ डिसेंबर २०२४

चि. अस्मितास अ. उ. आ.

शुक्रवारच्या आत पोचावं म्हणून तुझं पत्र आलं तेव्हापासून लिहितो आणि फाडतो आहे.

जैनुद्दीनला तू पाहिलं आहेस, मार्केटातला घड्याळवाला. दर रविवारी माझ्याकडे चहाला येतो. त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही, आणि लहानपणी तू विचारलंस तेव्हा मी सायकलवरून पडला एवढंच सांगितलं होतं.

चौऱ्याहत्तर साली आम्ही बावीस वर्षांचे. जैनुद्दीनसारखा चढ चढणारा मी पुन्हा पाहिला नाही. सीटवरून उठायचा नाही, दात खायचा नाही, गुणगुणत वर जायचा. तेव्हा हलके भाग मिळायचे नाहीत, म्हणून आम्ही आहे त्याच भागांना भोकं पाडायचो. चेनव्हीलला पाडली, ब्रेकच्या लिव्हरला पाडली. मग त्याने हँडलच्या दांड्याला पाडायला सांगितली. मी सात पाडली. शर्यतीच्या आदल्या दुपारी पुसताना तिसऱ्या भोकाजवळ केसाएवढी रेघ दिसली. अंगठा फिरवला. ओरखडा असेल असं मनाला सांगितलं. दुसरा दांडा नव्हता, आणि मला तो जिंकायला हवा होता.

जोतिबाचा चढ तो सगळ्यांच्या पुढे चढला. उतारावर दांडा तुटला.

त्याच हाताने त्याने पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मला एका शब्दाने बोलला नाही. त्या रेघेचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. मामीलाही आज हे लिहायला बसलो तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

मुनीर म्हणतो ते ऐक. हँडल, पुढचं चाक धरणारा चिमटा आणि ब्रेक यांतलं वजन काढू नकोस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

मामा

सोहार
१९ जानेवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. शुक्रवारी अझैब्याला न जाता सरळ माबेल्याला गेले आणि मुनीरभाईंची माफी मागितली.  त्यांनी माझं ते नवं हँडल शिकंज्यात धरलं आणि करवतीने मधोमध कापलं. आत कापडाचे थर सुरकुतलेले, आणि एका जागी बोट जाईल एवढी पोकळी. मी तो तुकडा कारखान्यात नेऊन टेबलावर ठेवला आहे, भेगा तपासणाऱ्या बाईंना अक्कल यावी म्हणून. हे सगळं तेव्हाच लिहायला हवं होतं, पण शर्यत होईपर्यंत थांबले.

काल शर्यत झाली. सायकल नऊ किलो शंभरच. पहिली दोन वळणं बरी गेली. गेल्या वर्षी थांबले होते तिथे मांड्या पेटल्या. शेजारून जाणारी एक ओमानी मुलगी यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, ओरडत पुढे निघून गेली आणि मी खाली बघून एकेक पांढरा पट्टा मोजायला लागले. एकोणीस बायकांत चौदावी आले. पाय टेकला नाही, मामा. वर सलील आणि देविका उभे होते. देविका मला मिठी मारून रडली आणि मग घाम आहे म्हणून दूर झाली. फोटो जोडला आहे.

एक लिहू का? लहान तोंडी मोठा घास आहे. तुम्ही मला सांगितलंत त्याने माझा जीव वाचला. पण ते ऐकण्याचा पहिला हक्क जैनुद्दीनकाकांचा होता. ज्या माणसाने पन्नास वर्षं तुमच्या घरचा चहा घेतला, त्याला ते सोसवेल.

रागावलात तरी चालेल, पण पत्र बंद करू नका.

अस्मिता

मिरज
२ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास अ. उ. आ.

पाय टेकला नाहीस हे वाचून मी गल्लीत पेढे वाटले. मामीने फोटो दारावर चिकटवला आहे.

गेल्या रविवारी जैनुद्दीन आला. मी यंत्र कानात घातलं, कारण तो जे बोलेल ते ऐकायलाच हवं होतं. तुझा फोटो दाखवला, मग मामीला आत जायला सांगितलं आणि रेघेचं सगळं बोललो. त्याने चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला. मग म्हणाला की ती रेघ त्यानेही पाहिली होती, शर्यतीच्या सकाळी. मला सांगितलं असतं तर मी सायकलच दिली नसती, म्हणून गप्प बसला. आणि पुढे पन्नास वर्षं गप्प बसला, कारण रेघ दिसूनही आपण सायकलवर बसलो हे कबूल करायचा त्याला धीर झाला नाही. इतकी वर्षं मला उगाच अपराधी वाटू दिलं, याचीच त्याला लाज होती.

 किती मोठा माणूस आहे ग हा.

मग त्याने तुझा फोटो परत मागितला, नीट पाहिला, आणि विचारलं की माझ्याकडे एखादी सायकल आहे का. काल सकाळी मी त्याला मैदानावर नेलं. साधी, जड, लेडीज सायकल होती. डावा हात हँडलवर, उजवा जेवढा पोचला तेवढा. मी सीट धरून पळत होतो, म्हणजे चालत होतो. मामी मोबाइल धरून मागे. दुसऱ्या फेरीत त्याने मला सोड म्हणून सांगितलं. मी सोडलं. तो मैदानाच्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि परत येताना गुणगुणत होता. यंत्र कानात होतं, मी स्वतः ऐकलं.

आमच्या दोघांचेही आशीर्वाद. मुनीरला माझा सलाम सांग.

तुझा,
मामा